चव्वेचाळीस ते सत्तावन्न

यंत्र तिला ओळखेना, तिथून हे सगळं सुरू झालं. सकाळी आठला पाच कमी असताना तिनं नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. तिनं बोट रुमालाला पुसून पुन्हा ठेवलं, तरी लाल. अंगठा, मधलं बोट, डावा हात, सगळं करून झालं. मागे रांग वाढत होती आणि रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले होते. सव्वीस वर्षं तिला रोज आत जाताना पाहणारा रखवालदार ओशाळून म्हणाला, "बाई, मी ओळखतो हो तुम्हाला, पण हे नाही म्हणतंय." मग ती चाळीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसली. समोरून एकेक जण आत जात होता, प्रत्येकाला हिरवा दिवा मिळत होता, आणि परीक्षेला प्रवेशपत्र विसरून आल्यासारखं वाटून ती आपल्या डब्याच्या पिशवीचे बंद नीट करत होती. शेवटी वरच्या मजल्यावरून कुणी एक बाई आली, तिनं हिची बोटं खिडकीच्या उजेडात धरली आणि अगदी सहज सांगितलं, की रेषाच उरल्या नाहीत, साबणानं आणि आम्लानं झिजल्यात, प्रयोगशाळेतल्या माणसांचं होतं असं, तुम्हाला कार्ड देऊन टाकू. कार्ड मिळालं. कुणाचं काही अडलं नाही. त्या दिवशीही तिनं रक्ताच्या एकशे दहा काचा पाहिल्या, एकही चुकली नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत तिला घास गिळवेना, आणि का गिळवत नाही हे स्वतःलाही सांगता येईना.

तिनं नोकरी सोडली तेव्हा थोरल्या भावानं कपाळाला हात लावला. आणखी सहा वर्षं राहिली असतीस तर, असं तो बरेच दिवस म्हणत राहिला. वहिनीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते हा वयाचा परिणाम होता आणि एखादा छंद लावून घेतला की जातो. त्यांच्या घरात मागची एक खोली हिची होती, लग्न न झालेल्या बहिणीची म्हणून वडलांच्या वेळेपासून राखलेली, पण त्या खोलीत आता भावाचं चालायचं यंत्र होतं, वहिनीची शिलाईची पेटी होती, आणि कोणत्या तरी वस्तूंची रिकामी खोकी होती, वस्तू बिघडल्या तर परत पाठवताना लागतील म्हणून राखून ठेवलेली. पलंगावर झोपायचं म्हणजे आधी खोकी खाली ठेवायची आणि सकाळी परत वर. एका गावात राहायला घर मिळेल अशी जाहिरात तिला त्याच खोलीत, खोकी हलवताना, जुन्या वर्तमानपत्रात दिसली.

गाव चारशे वर्षांचं होतं, पण जिथं बसलं होतं तिथं फक्त बेचाळीस वर्षांचं होतं. खाली नदीकाठी होतं ते मूळ. नदीवर धरण होणार असं ठरल्यावर लोक म्हणाले, आम्ही जाऊ, पण घरं घेऊन जाऊ. मग प्रत्येक घर दगड दगड करून उतरवलं, प्रत्येक दगडाला आकडा घातला, गाड्यांवरून टेकडीवर चढवलं आणि वर पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. तेच बोळ, तेच वळण, त्याच कोपऱ्यावरची तीच उतरती पायरी, जिच्यावर खालीही लोक घसरत आणि वरही घसरतात. पुढे माणसं पांगली. बंद घरं पडायला लागली तेव्हा गावच्या समितीनं ठरवलं, की बाहेरच्या माणसाला एक वर्ष घर राहायला द्यायचं. वर्षाअखेर गावाला माणूस पटला तर घर कायमचं त्याचं, नाही पटला तर त्यानं आपलं सामान उचलायचं. तिला बोळाच्या मधोमध असलेलं, दोन खोल्यांचं, ठेंगण्या दाराचं घर मिळालं. पहिल्या आठवड्यात त्या दारानं तिच्या कपाळाला तीन टेंगळं दिली. चौथ्यांदा मात्र मान आपोआप खाली गेली, आणि त्या दिवशी तिला उगाचच आनंद झाला.

तिला तिथे झोप लागायला लागली ही सगळ्यात मोठी गोष्ट. शहरात ती झोपेची वाट बघत पडायची, इथे उशीवर डोकं टेकलं की सकाळ. भिंती दोन हात जाड, उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार. बोलायला फारशी माणसं नव्हती पण जी होती ती सोडत नव्हती. कोपऱ्यावरची दुकानवाली, जी समितीतही होती आणि दुकानातही समितीतल्यासारखीच बोलायची, तिला हिच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापासून कळत असे. ही दारात पोचेपर्यंत पाव आणि दूध गल्ल्याशेजारी काढून ठेवलेलं असायचं. प्रयोगशाळेत होती हे कळल्यावर लोक तपासण्यांचे कागद घेऊन यायला लागले. डॉक्टर तालुक्याला, तो काय लिहितो ते त्यालाच ठाऊक, तेव्हा हिनं एकेक आकडा समजावून सांगायचा, हा वाढलाय, हा ठीक आहे, ह्याला घाबरायचं कारण नाही. दोन महिन्यांत तिचं नाव तपासणीबाई पडलं. सव्वीस वर्षांत तिनं लाखो माणसांचं रक्त पाहिलं होतं आणि त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. आता समोर बसलेला माणूस साखर वाढल्याचं ऐकून खालमानेनं कालच्या गोडाची कबुली द्यायचा आणि तिला हसू आवरायचं नाही. आपण इथेच राहावं, इथेच म्हातारं व्हावं, असं तिला वाटायला लागलं होतं, आणि हे वाटणं इतकं जोराचं होतं की तिला त्याची भीती वाटायची.

अकराव्या महिन्यात भाऊ आणि वहिनी दोन दिवस येणार असं कळलं. आता वहिनीची नजर म्हणजे भिंगच, आणि तिथं घोटाळा झाला. घराचं तोंड बरं दिसावं म्हणून हिनं दर्शनी भिंत घासायला काढली. भिंतीवर काळपट शेवाळ होतं, जुन्या चुन्याचे पोपडे होते, आणि इथे तिथे फिकट लाल डाग होते. कुणीतरी रंगाचे कुंचले पुसलेत, तिला वाटलं. तारेचा ब्रश, पातळ केलेलं आम्ल, वर स्वच्छ पाणी, अशी तिनं प्रयोगशाळेतल्या शिस्तीनं एका टोकापासून सुरुवात केली आणि तीन तासांत भिंत लख्ख केली. मग मागं सरून कंबरेवर हात ठेवून तिनं पाहिलं आणि हात तसेच राहिले. शेवाळ गेलेल्या दगडांवर आकडे उमटले होते. छिन्नीनं खोदलेले, खाचेत लाल रंग बसलेले, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. त्यानंतर दाराच्या डाव्या हाताला दोन ओळींमध्ये चौदा दगड नुसते कोरे, स्वच्छ, ओले. आणि त्यापुढे अठ्ठावन्न. दगडांना आकडे घातले होते हे तिनं जाहिरातीत वाचलं होतं, पण ते आतल्या बाजूला असतील असं कोण जाणे का धरून चालली होती. तिनं बादलीत पाहिलं. पाणी फिकट लाल होतं.

बाटलीवरचा नंबर पुसायचा नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बिननंबराची बाटली आत काय आहे ते न बघता फेकून द्यायची. तिनं स्वतः पुढे कितीतरी जणींना हेच शिकवलं, हळू हळू आवाज चढवत शिकवलं, आणि आज तिनंच ब्रश घेऊन, कंबर मोडेपर्यंत, चौदा नंबर पुसले होते. दुसऱ्या दिवशी दुकानवालीनं पाव देता देता सांगितलं की रविवारी वाचन आहे, आकडे एकदा डोळ्यांखालून घाला, अडखळलेलं गवंडीबाबांना खपत नाही. वाचन म्हणजे काय हे हिनं विचारून घेतलं. वर्षातून एकदा प्रत्येकानं आपल्या घरासमोर उभं राहून दगडांचे आकडे मोठ्यानं वाचायचे. गवंडीबाबा, ही घरं वर उभी करणाऱ्यांतले एक, जुनी वही घेऊन ताडून बघतात आणि दर आकड्याला बरोबर म्हणतात. कुठला दगड सरकला, कुठला कुणी बदलला, ते त्यातून कळतं. आणि नव्या माणसाचं काय ते समिती वाचन झालं की तिथेच सांगते. मागच्या एका बिऱ्हाडानं खिडकी मोठी करायला दोन दगड काढले होते, दुकानवाली म्हणाली, दोनच, पण गेले बिचारे.

पाहुणे आले. वहिनीनं बोळातूनच मान वर करून म्हटलं, भिंत कशी नवीकोरी दिसते हो, आणि ही त्यांची पिशवी उचलून घाईनं आत वळली. भावानं जेवताना सांगितलं की त्यानं चालायचं यंत्र विकायला काढलंय, गुडघे नको म्हणतात, तेव्हा खोली तशी मोकळीच होईल, खोक्यांचं बघू काहीतरी. तो मायेनंच बोलत होता. त्याच्या डोळ्यांत वडलांसारखं काहीतरी होतं आणि तिला त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. तिनं त्याच्या ताटात भात वाढला. तिच्या डोळ्यांपुढे तो पलंग आला, रोज सकाळी वर ठेवायची खोकी आली, आणि खोलीबाहेरून वहिनीचा फोनवरचा दबका आवाज कानात घुमला, अहो आहे ना, आमच्याकडेच असते आता. पाहुणे गेल्यावर ती दार लावून बराच वेळ त्या जाड भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. पाठीला गारवा लागत होता. आणखी चार दिवस, ती मोजत होती.

खरं तर सोपं होतं. चव्वेचाळीस ते सत्तावन्न, बरोबर चौदा आकडे आणि बरोबर चौदा दगड. दुकानात लाल रंग मिळतो, कुंचला तिच्याकडे होता. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग दुसरी, कुणाला कळणार होतं. तिनं एका कागदावर भिंतीचं चित्र काढून चौकोनात आकडे भरूनसुद्धा पाहिले. पण बाकीच्या भिंतीवर आकडे असे सरळ चालत नव्हते, कुठे खाली उतरत होते, कुठे एक सोडून वर जात होते, आणि कागदावरचे चौकोन पाहता पाहता तिला दोन नळ्या आठवायला लागल्या. ती नवी होती तेव्हाच्या. धुताना दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या सुटून पाण्यात पडल्या होत्या आणि त्या वेळी खोलीत तिसरं कुणी नव्हतं. बाकावर जी डावीकडे होती ती आधीची असणार, असं म्हणून तिनं चिठ्ठ्या परत चिकटवल्या. दोन्ही बायकाच होत्या, एक एकतीस वर्षांची, एक चौतीस. एकतीसच्या बाईचा अहवाल चांगला आला, चौतीसच्या बाईचा नाही. तिचा अंदाज बरोबर होता की चुकीचा, हे तिला कधीच कळलं नाही. कळायची काही वाटच नव्हती. पुढली पंचवीस वर्षं काचेवर डोळा लावून ती ज्या काटेकोरपणानं काम करत आली, ज्याचं सगळे कौतुक करत, त्याच्या मुळाशी ती दोन नळ्यांची दुपार होती. बसमध्ये, बाजारात, एकतीसच्या आसपासची कुणी बाई उगाच दमलेली दिसली की तिचा जीव खाली वर व्हायचा. मग ती बाई चाळिशीची झाली असेल, मग पन्नाशीची, असेल तर. हे तिनं भावाला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. तिनं कागद फाडला, चुलीत घातला आणि चपला चढवल्या. परत जावं लागलं तर जावं लागेल, पण अंदाजानं लिहायचं नाही, एवढं तिचं तिच्याशी ठरलं.

गवंडीबाबा अंगणात वाळू चाळत होते. त्रेसष्टीचा माणूस, बोटं जाड, बोलणं तोकडं. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, माझ्या हातून चूक झालीय," आणि अहवाल सांगावा तसं सगळं सांगून टाकलं. कोणता वार, कशानं घासलं, किती वेळ, कुठले दगड. आकडे मला जुळवता येतील, ती म्हणाली, पण कुठला कुणाचा ते माहीत नाही, आणि मला खोटं लिहायचं नाही. चाळणी थांबली होती. बाबांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "खोदलेले नव्हते का ते आकडे?"

"नाही. नुसता रंग होता."

"दगड हाताला कसे लागले?"

हा प्रश्न तिला कळला नाही, पण हाताला विचारून तिनं उत्तर दिलं, की बाकीच्यांसारखे खरखरीत नव्हते, गुळगुळीत होते, मधे जरा खोल. बाबांनी चाळणीतले खडे बाजूला ओतले. शेवटी म्हणाले, "रविवारी तिथपर्यंत वाचा आणि थांबा. पुढचं माझं मी बघतो." म्हणजे मला जावं लागेल का, तिनं विचारलं. ते समितीचं, मी एकटा नाही, ते म्हणाले आणि चाळणी पुन्हा हलायला लागली. उत्तर काही मिळालं नव्हतं. तरीही परतीच्या वाटेवर तिला इतकं हलकं वाटत होतं की त्या घसरत्या पायरीवर ती घसरली आणि एकटीच हसली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं नंबर हरवल्याचं कुणाला तरी सांगितलं होतं. दुसरे होते ते नंबर, दुसरी होती ती गोष्ट, हे तिला कळत होतं, तरी हलकं वाटत होतं.

रविवारी सकाळी अख्खं गाव, म्हणजे साठ सत्तर माणसं, बोळातून घरोघर सरकत निघालं. लोक सरावानं वाचत होते, कुणी पाढे म्हणावेत तसे भरभर, कुणी चष्मा शोधत, आणि बाबांचं बरोबर, बरोबर घड्याळासारखं चाललं होतं. तिची पाळी सातवी. तिनं एकपासून सुरुवात केली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटत होता. विशी गेली, तिशी गेली. त्रेचाळीस, ती म्हणाली. बरोबर, बाबा म्हणाले. मग ती थांबली. लोकांच्या माना भिंतीकडे वळल्या, आणि त्या चौदा कोऱ्या दगडांवर सगळ्यांच्या नजरा एकदमच पडल्या. दुकानवालीच्या भुवया वर गेल्या. कुणीतरी मागे कुजबुजलं. तिला वाटलं आता बोलावं, मी पुसले म्हणावं, आणि तिनं तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात बाबांनी वही मिटली.

"पुढचे चौदा मी लिहिले होते," ते म्हणाले. "खोटे."

बाबा वहीकडे बघून, तुटक तुटक सांगत गेले. ह्या घराची शेवटची गाडी उतारावर कलंडली आणि चौदा दगड नदीत गेले. घरातली माणसं ताडपत्रीखाली बसलेली, बाई दिवस भरत आलेली, आणि धरणाचा अधिकारी म्हणतो आकडे पुरे झाल्याशिवाय घराच्या कागदावर सही नाही. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे. ते पहाटे खाली गेले. पाणी चढायला लागलं होतं. नदीकाठी बायकांच्या कपडे धुण्याच्या जागेचे दगड कुठल्याच यादीत नव्हते, कारण ते कुणाच्याच घराचे नव्हते. त्यांनी ते उपसले, वर आणले, बसवले आणि हरवलेल्यांचे आकडे त्यांच्यावर रंगवले. "खोदायला वेळ नव्हता. धीरही नव्हता. दर वर्षी हे घर आलं की चौदा वेळा बरोबर म्हणतो. बेचाळीस वर्षं झाली." आणि मग तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यांनी पुसलं. बरं झालं." असं म्हणून ते तिच्याच पायरीवर बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड पुसलं.

आधी पुढं आली ती दुकानवालीची सासू. तिनं एका दगडावर तळवा ठेवला, मग शेजारच्यावर, मग परत पहिल्यावर. धुण्याची जागा बुडाली असं गावातल्या जुन्या बायका बेचाळीस वर्षं धरून चालल्या होत्या. घरं वर आली, बोळ वर आले, पण जिथं रोज बसायचं, हसायचं, रडायचं ती जागा तेवढी पाण्याखाली गेली, असं म्हणायच्या. "हा कडेचा," म्हातारी म्हणाली. "इथं माझी आई बसायची." मग दुसरी आली, मग आणखी तिघी चौघी, आणि सगळ्या हातांनी भिंत चाचपायला लागल्या. वरच्या ओळीतल्या दगडाला हात पोचेना म्हणून कुणीतरी हिच्या घरातून स्टूल आणलं, हिला न विचारता. दोन मिनिटांत भांडण जुंपलं. तो खोलगट माझा होता, एक म्हणाली. तुझा कसा, दुसरी म्हणाली, तू उगाच तिथे टोपली ठेवून अडवून धरायचीस, माझ्या सासूनं तुला शंभरदा सांगितलं होतं. पहिलीनं सासूच्या सगळ्या पिढ्यांचा हिशेब काढला. माणसं हसायला लागली, दोघी रडता रडता भांडत होत्या, आणि दगडावरचे हात कुणीच काढत नव्हतं.

ती मात्र आकडे हातात धरल्यासारखी तशीच उभी होती. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि तिला ते बरं वाटत होतं, तरी राहवेना. तिनं दुकानवालीला हळूच विचारलं, की आता माझं काय.

"तुमचं काय म्हणजे?" दुकानवाली म्हणाली. "अठ्ठावन्नपासून पुढचं वाचा की, अजून अर्धा बोळ राहिलाय. आणि पुढच्या वर्षी जरा मोठ्यानं वाचा बाई, मागे ऐकू येत नाही."

तिनं ते शब्द मनात एकदा फिरवून पाहिले. पुढच्या वर्षी. डोळे भरून आल्यामुळे समोरचा आकडा नीट दिसत नव्हता, पण तो पाठ होता. तिनं घसा साफ केला आणि याच वर्षी, बोळाच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, अठ्ठावन्न म्हटलं. बायका दचकून गप्प झाल्या. पायरीवरून, वही न उघडताच, गवंडीबाबा म्हणाले, "बरोबर."